रायगडावरचा शनिवार

१६७४ च्या उन्हाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून गलबताने निघाला. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता आणि कंपनीला महाराजांशी व्यापाराचा तह करून घ्यायचा होता. रात्री नऊच्या सुमारास गलबत चौलला लागले. चौल तेव्हा पोर्तुगीजांचे. वेशीचे दरवाजे बंद होऊन पहारे बसले होते, म्हणून वकिलाच्या मंडळींनी गावाबाहेरच्या एका लहानशा चर्चमध्ये रात्र काढली. दुसऱ्या दिवशी महाराज चिपळूणहून रायगडी परतल्याची खबर आली आणि मंडळी पुढच्या वाटेला लागली.

एका दिवसाच्या या प्रवासात तारीख दहा दिवसांनी पुढे गेली होती. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली जुन्या रोमन पंचांगात साठलेली चूक काढून टाकण्यासाठी दहा दिवस वगळले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. कॅथलिक पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचे पंचांग म्हणून ती १७० वर्षे नाकारली. त्यामुळे मुंबईच्या वखारीतला लेखनिक मे महिन्याची जी तारीख घालत होता, तिच्यापेक्षा चौलच्या पाद्र्याची तारीख दहाने जास्त होती. खुद्द मुंबई बेट १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आले, तेव्हा बेटाच्या दप्तरातली तारीख मागे गेली असली पाहिजे. पुढे १७५२ मध्ये इंग्लंडने अखेर नवे पंचांग घेतले, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला, आणि हा फरक मिटला.

किनाऱ्यावर एवढ्या दोनच कालगणना नव्हत्या. जंजिऱ्याचा सिद्दी हिजरी सन वापरत होता. मराठ्यांच्या मुलकी कागदांत सुहूर सन चाले, त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होई, म्हणून लोक त्याला मृगसाल म्हणत. धर्मकृत्यांना शालिवाहन शक आणि तिथी. आजच्या रायगड जिल्ह्याच्या चिंचोळ्या पट्टीत, एकमेकांना दिसतील अशा किल्ल्यांवर आणि बंदरांवर, एकाच दिवसाला पाच नावे होती. माणसे तरीही गोंधळत नव्हती, कारण कागदावरची तारीख कोणत्या गणनेतली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. आपण पुढे जिला मुकलो ती हीच.

आता प्रत्यक्ष सिंहासनारोहणाचा क्षण पाहा. जेधे घराण्याच्या कालक्रमवार नोंदींत, म्हणजे जेधे शकावलीत, तो शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असा नोंदलेला आहे. इंग्रजांची तारीख ६ जून, म्हणजे शनिवार. परंपरेने आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मानतो. घाईने वाचणाऱ्याला इथे तीन साक्षीदार तीन दिवस सांगताहेत असे वाटेल. पण शकावलीकाराने त्या दिवसाच्या तिथीची घटिका-पळे दिली आहेत आणि तीन घटिका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले असेही लिहून ठेवले आहे. घटिका चोवीस मिनिटांची; तेव्हा सूर्योदयाला सुमारे सव्वा तास होता. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून शकावलीत शुक्रवार. इंग्रजांचा वार मध्यरात्रीच बदललेला, म्हणून त्यांचा शनिवार. द्वादशी शुक्रवारी एकवीस घटिका आणि काही पळे झाल्यावर, म्हणजे दुपारीच संपली होती, म्हणून त्या पहाटे तिथी त्रयोदशी. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत, आणि तिघींचा मेळ मिनिटांच्या अंतरावर बसतो. चौलच्या चर्चमध्ये त्याच सकाळी १६ जून होता आणि वार शनिवारच होता. पोपने दहा तारखा वगळल्या, पण वारांची साखळी कुठेच तोडली नाही. ती आजपर्यंत अखंड आहे.

वाराला म्हणूनच फार महत्त्व आहे. ताम्रपट, शिलालेख, जुनी पत्रे यांतल्या मित्या तपासायला अभ्यासक वाराचाच आधार घेतात. गणिताने तिथी काढायची, तिचा वार काढायचा आणि कागदावरच्या वाराशी ताडून पाहायचा. जुळला तर मिती विश्वासार्ह. न जुळला तर लेखनिकाची चूक, कागदाचा खोटेपणा किंवा गणनेतला फरक शोधायचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर १८९६ मध्ये भारतीय पंचांगावरचा जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यातली कोष्टके या कामासाठीच आहेत. कोकणातल्या मुरुडचा हा शिक्षक हाताने आकडेमोड करून शतकांमागचा वार सांगत असे.

त्याच १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. तेव्हा महाराजांचे जन्मवर्ष शके १५४९ म्हणजे इसवी सन १६२७ मानले जाई. लोकमान्य टिळकांनी पुढे १९१६ मध्ये जेधे शकावली उजेडात आणली आणि तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी नोंद निघाली. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. तिची जुन्या रोमन पंचांगातली तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि ग्रेगोरियन तारीख १ मार्च १६३०. वार शुक्रवारच. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो हा शाळेतला नियम इथे चालत नाही. फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून ७९ मिळवावे लागतात. अशा लहान जागांवर भल्याभल्यांचे पाय घसरले आहेत.

आज हे काम संगणकावर होते. संगणकाला तारीख म्हणजे एक क्रमांक. एखादा आरंभदिवस धरायचा आणि तिथून किती दिवस किंवा किती सेकंद लोटले ते मोजत राहायचे. बेल लॅबोरेटरीजमध्ये घडलेल्या युनिक्स प्रणालीने १ जानेवारी १९७० हा आरंभ धरला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे क्रमांक १. त्याआधीचा दिवस तारीख म्हणून एक्सेलला कळतच नाही. आंग्र्यांच्या काळातली सनद, पेशवाईतला इनामाचा कागद किंवा १८७० चे खरेदीखत कोणी तक्त्यात भरले, तर त्याची तारीख नुसती अक्षरे म्हणून पडून राहते, आणि क्रम लावायला गेले की सारी उलटापालट होते. भरीला एक्सेल १९०० हे वर्ष लीप धरते. त्या वर्षी २९ फेब्रुवारी झालाच नव्हता, कारण शंभराने भाग जाणारे पण चारशेने न जाणारे वर्ष लीप नसते. ही चूक मूळची लोटस १-२-३ या १९८३ च्या प्रणालीतली. लोटसचे तक्ते आपल्याकडेही जसेच्या तसे चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणून ठेवली, आणि ती आजही तशीच आहे.

याहून मागचे दिवस ओळखणाऱ्या प्रणालींना ६ जून १६७४ चा वार विचारून पाहा. जावास्क्रिप्टसारख्या आजच्या बहुतेक प्रणाली उत्तर देतील, बुधवार. त्यांनी ग्रेगोरियन पंचांग ते नव्हते त्या काळापर्यंत तसेच मागे ताणले आहे, आणि तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकालाही हेच मान्य आहे. युनिक्समधल्या जुन्या दिनदर्शिकेच्या आज्ञेला तोच प्रश्न विचारला तर शनिवार येतो, कारण ती इंग्लंडच्या रिवाजाने चालते; तिच्यात १७५२ च्या सप्टेंबरचे अकरा दिवस खरोखरच गाळलेले दिसतात. एकाच टेबलावरच्या दोन प्रणाली एका दिवसाचे दोन वार सांगतात आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. चूक त्यांना अर्धवट प्रश्न विचारण्यात आहे. ६ जून कोणत्या पंचांगातला, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि सांगायला रकानाही नसतो.

याचे परिणाम वारापुरते थांबत नाहीत. कोकणात ६ जूनला माणसे पावसाची वाट पाहत असतात. १६ जूनला बहुधा तो सुरू झालेला असतो. ऑक्झेंडनचा तह इंग्रजी नोंदीत १२ जूनच्या आसपास पुरा झाला. ती तारीख आपल्या आजच्या पंचांगात बसवली तर २२ जून येते. म्हणजे हा वकील ऐन पावसाळ्यात घाटवाटा उतरून, खवळलेल्या समुद्रातून मुंबईला परतला. दहा दिवसांचा फरक विसरून इतिहास लिहिला तर ऋतूच चुकतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या तारखेने जगाला धास्ती घातली ती वायटूकेच्या निमित्ताने. जुन्या यंत्रांत जागा महाग, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवायचा प्रघात पडला होता. ९९ नंतर ०० आले की यंत्र १९०० समजणार. मुंबईच्या सीप्झमध्ये, पुण्यात, चेन्नईत हजारो तरुण अभियंते परक्या कंपन्यांच्या कोबोल भाषेतल्या ओळी वाचून दोनाचे चार अंक करत बसले. टाटा कन्सल्टन्सी, पटनी अशा कंपन्यांचा मोठा विस्तार या वर्षांतला. अनेक मराठी घरांतला पहिला परदेशप्रवास या कामाने घडवला. सरकारने योजना आयोगाचे सदस्य मोंटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. १ जानेवारी २००० शांतपणे उजाडला आणि लोक म्हणू लागले की भीती फुकटची होती. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. काम झाले होते म्हणून शांतता होती. जिथे काम अपुरे राहिले तिथे काय झाले ते इंग्लंडमधल्या शेफील्डने पाहिले: रुग्णालयाच्या संगणकाने गर्भवतींची वये चुकीची मोजली आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना बाळाच्या डाउन सिंड्रोमच्या धोक्याचे चुकीचे अहवाल गेले. १ जानेवारी २००० ला शनिवार होता आणि १ जानेवारी १९०० ला सोमवार. तारखेबरोबर वारही जपला असता, तर शतक चुकल्याचे यंत्राला त्याच क्षणी कळले असते. जेध्यांच्या कारकुनाने जपलेली ही काळजी कोबोलच्या रकान्यांनी जागा वाचवण्यासाठी सोडली होती.

तशी आपल्या पूर्वजांनीही ती सर्वत्र जपली नाही. मराठी दप्तरातल्या किती तरी पत्रांवर नुसता छ, म्हणजे चांद्रदिवस, आणि मुसलमानी महिन्याचे नाव आहे, वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. शंभर-दोनशे वर्षांनी संशोधकांना मजकुरातल्या स्वाऱ्या आणि माणसे पाहून वर्ष ठरवावे लागले, आणि कित्येक पत्रे चुकीच्या वर्षाखाली छापली गेली. जवळच्या वाचकाला उघड असलेली गोष्ट दूरच्या वाचकासाठी लिहून ठेवायची असते.

किनाऱ्यावरच्या साध्या माणसाला हे सगळे भेटते ते अर्जाच्या रकान्यात. अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनकडच्या जुन्या माणसांनी वयाचा हिशेब तारखेने ठेवला नव्हता. रामदास बोट बुडाली तेव्हा मी पाळण्यात होते, किंवा त्या साली मी शाळेत जाऊ लागलो, असे ते सांगत. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावर तिची झळ न लागलेले गाव विरळा. तो दिवस आषाढ अमावास्येचा, गटारीचा. किनाऱ्यावरच्या माणसाला अमावास्या म्हटले की त्या दिवसाचा समुद्रही कळतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत कधी जाता येईल, हे याच हिशेबाने सांगतात. १७-०७-१९४७ या आठ अंकांत यातले काही नाही.

संगणकाच्या अर्जाला मात्र दिवस, महिना आणि वर्ष लागतेच. त्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. रामदास बोटीच्या साली जन्मलेल्या आजीला तो एक दिवस निवडायला लावतो. ही सक्ती कागदाच्या काळातही होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजे धरून १ जून तारीख लिहिली, आणि महाराष्ट्राच्या एका सबंध पिढीचा वाढदिवस १ जूनला येऊ लागला. सरकारी नियमाने एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मे रोजी राज्यातली कार्यालये एकदम रिकामी होतात. पण गुरुजींचा १ जून अंदाजाचा आहे हे गावाला ठाऊक होते. संगणकात गेल्यावर तो अंदाज राहिला नाही, सत्य झाला. दुसऱ्या ओळखपत्रासाठी वयावरून काढलेली १ जानेवारी, मतदार यादीतले नुसते वय, शाळेच्या दाखल्यावरचा १ जून, असे तीन कागद एकमेकांसमोर आले की यंत्र त्यांना तीन माणसे समजते. निवृत्तिवेतनासाठी, वारस नोंदीसाठी, निराधार योजनेसाठी म्हातारे माणूस प्रतिज्ञापत्रे करत फिरते. १/६ हे अमेरिकी रीतीने वाचले गेले तर ६ जानेवारी होते. जन्मवर्ष नुसते २८ लिहिले तर एक्सेल ते आपल्या नेहमीच्या नियमाने २०२८ धरते, आणि ज्या बाईने १९४७ पाहिले तिचा जन्म अजून व्हायचा आहे असे ठरते.

मोजणीत आणखी एक बारीक जागा आहे. महाराजांचा राज्याभिषेक शक सिंहासनारोहणाच्या दिवशीच एकपासून सुरू झाला. त्यांनी शून्य वर्ष मोजले नाही. पूर्ण झालेली वर्षे धरायची की चालू असलेले, यांना आपल्या ज्योतिषात गत आणि वर्तमान अशी स्वतंत्र नावे आहेत आणि जुने पंचांगकर्ते ती कटाक्षाने लिहीत. २०२३ च्या जूनमध्ये रायगडावर ३५० व्या वर्षाचा सोहळा झाला, तिथीने २ जूनला आणि तारखेने ६ जूनला. ३४९ वर्षे पुरी होऊन ३५० वे लागले होते, तेव्हा गणित चोख होते. तरी दोन आकडे वजा करून ३४९ पाहणाऱ्यांनी पुष्कळ वाद घातला. प्रोग्रॅम लिहिणारे याच एकच्या फरकाशी रोज झगडतात. ६ जून हा उत्सवाचा दिवस लोकांनी मानला आहे आणि तो बदलावा असे मला मुळीच वाटत नाही. तिथीचा मानही तसाच राहावा. संगणकाच्या नोंदीत मात्र त्या तारखेपुढे जुने पंचांग, ग्रेगोरियन १६ जून, शनिवार, एवढे लिहिलेच पाहिजे.

पुढचे दिवसही ठरलेले आहेत. ३२ बिटांच्या युनिक्स यंत्रांतले सेकंदांचे माप १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला दुरुस्त न केलेले यंत्र १९०१ सालात जाईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जुन्या जीपीएस यंत्रांचा १,०२४ आठवड्यांचा फेरा तिसऱ्यांदा पुरा होईल. पहिला ऑगस्ट १९९९ मध्ये झाला, दुसरा एप्रिल २०१९ मध्ये. मच्छीमार बोटींवर वर्षानुवर्षे तेच यंत्र चालते. ज्यांच्या बोटीवर जुने यंत्र असेल त्यांना ते बदलायला अजून पुष्कळ अवधी आहे.

आज गावोगावी जुने कागद संगणकात चढत आहेत: फेरफार, देवस्थानांच्या सनदा, घराण्यांच्या बखरी, मोडी रुमाल. हे काम करणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. कागदावर जी मिती असेल ती अक्षरशः तशीच एका रकान्यात ठेवा, तिथी, वार, संवत्सर, घटिका यांच्यासकट. तुम्ही काढलेली इंग्रजी तारीख दुसऱ्या रकान्यात लिहा आणि ती कोणत्या पंचांगातली हे तिसऱ्यात. दिवस ठाऊक नसेल तर अंदाजाने भरू नका, ठाऊक नाही असे लिहायची सोय यंत्रात करून घ्या. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांनी सांगितलेली जन्माची खूण, कुठल्या पावसाची, कुठल्या सणाची, कुठल्या बोटीची, त्यांच्याच शब्दांत या आठवड्यात लिहून ठेवा.